निर्गुडीचा पाला आणि पोथीचा परवाना

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनची २०२२ सालची याचिका निकाली काढली. लोक तिला पतंजलीचे प्रकरण म्हणून ओळखतात. एप्रिल २०२४ मध्ये वृत्तपत्रांतून छापावा लागलेला माफीनामा लोकांच्या लक्षात राहिला. पण या गदारोळात एक नियम पुसला गेला, त्याची चर्चा आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचलीच नाही. तो म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १७०. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या या नियमाने आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घेणे बंधनकारक केले होते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी खुद्द आयुष मंत्रालयानेच राज्यांना कळवले की या नियमाखाली कारवाई करू नका. १ जुलै २०२४ रोजी तर अधिसूचना काढून नियमच वगळला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली. याचिका निकाली निघताच ती स्थगितीही संपली.

कोणी म्हणेल, चळवळीच्या वृत्तपत्राला काढ्या-चूर्णांच्या जाहिरातींशी काय देणेघेणे? आमचे म्हणणे असे की, देणेघेणे सर्वात जास्त आमचेच आहे. या देशात दुखणे सगळ्यांना असते, पण ते सारखे वाटलेले नाही. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईची कंबर, वीटभट्टीवर माती तुडवणाऱ्याचे गुडघे, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचे सांधे, भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या मजुराची पाठ यांचे दुखणे जन्माने वाट्याला आलेल्या कामातून येते. या माणसाला विश्रांती परवडत नाही, शस्त्रक्रिया परवडत नाही, एक दिवसाचा खाडाही परवडत नाही. म्हणून तो दुकानातून मिळेल ती वेदनाशामक गोळी घेतो आणि वर्षानुवर्षे घेत राहतो. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ते टाळायला तो आठवडी बाजारातले चूर्ण किंवा टीव्हीवर दाखवलेले तेल घेतो. फसव्या जाहिरातीचे पहिले गिऱ्हाईक हाच माणूस आहे.

तेव्हा प्रश्न असा आहे : झाडपाल्याच्या अर्काने दुखणे आणि सूज खरोखर कमी होते की नाही, हे ठरवायचे कसे? आणि ठरवणार कोण?

निर्गुडीचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात ओढ्याच्या काठाने, बांधाला वाढणारे हे झुडूप. पाय मुरगळला, सांधा सुजला की निर्गुडीचा पाला गरम करून बांधायचा, पाला टाकून उकळलेल्या पाण्याचा शेक घ्यायचा, हे आमच्या आज्या-पणज्यांना कोणत्याही पोथीवाचून ठाऊक होते. या पाल्याची प्रयोगशाळेत परीक्षाही झालेली आहे. श्रीलंकेतील संशोधकांनी ताज्या पक्व पानांच्या पाण्यातील अर्काची उंदरांवर केलेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली आणि तीत सूज व वेदना या दोन्हींवर परिणाम दिसला.

ही परीक्षा कशी होते ते आमच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे, कारण 'प्रयोगशाळेत सिद्ध' या दोन शब्दांवर मोठा धंदा चालतो. समुद्री शेवाळापासून कॅराजीनन नावाचा पदार्थ मिळतो. तो मोठ्या उंदराच्या मागच्या पंजात टोचला की पंजा काही तासांत सुजतो. १९६२ साली रूढ झालेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. उंदरांचे गट करतात. एका गटाला अर्क देतात, एका गटाला नेहमीचे माहीत असलेले औषध देतात, एका गटाला नुसते पाणी देतात. मग तासातासाने पंजाची सूज मोजतात. वेदनेसाठी उंदराला सुमारे ५५ अंश सेल्सिअस तापलेल्या पत्र्यावर ठेवून तो किती सेकंदांनी पाय उचलतो किंवा चाटतो ते पाहतात. अर्क दिलेल्या गटाची सूज पाणी दिलेल्या गटापेक्षा कमी राहिली, तर अर्कात काहीतरी गुण आहे असे म्हणता येते.

एवढेच म्हणता येते. त्यापुढचे नाही. टोचून आणलेली चार-पाच तासांची सूज आणि वीस वर्षे डोक्यावर ओझे वाहून झिजलेला गुडघा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मात्रेचा हिशेबही करून पाहा. अशा प्रयोगांत उंदराला दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क देणे ही नित्याची गोष्ट आहे. प्रचलित रूपांतराप्रमाणे माणसासाठी हा आकडा साधारण सहाने भागावा लागतो. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला जवळजवळ चार ग्रॅम शुद्ध अर्क. शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोज चाळीस ग्रॅम वाळला पाला झाला. बाजारातल्या गोळीत यातले किती असते? डबीवर वाचून पाहावे.

देशभरातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत असे असंख्य प्रबंध होतात. झाड घ्यायचे, अर्क काढायचा, उंदराची सूज मोजायची, निबंध छापायचा आणि पदवी घ्यायची. बहुतेक झाडांचा प्रवास तिथेच थांबतो. पुढची पायरी महागडी आणि धोक्याची आहे, कारण ती माणसांवरची आहे आणि तिथे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. हळदीचे पाहा. हळदीतील कर्क्युमिनवर हजारो निबंध निघाले. २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांनी या साऱ्या कामाचा आढावा घेतला तेव्हा दिसले की शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही, औषध कोणाला दिले आहे हे झाकून काटेकोर केलेल्या एकाही तुलनेत कर्क्युमिन निर्विवाद उतरले नव्हते. हा पदार्थ शरीरात नीट शोषलाही जात नाही. पण हळदीच्या गोळ्यांचा बाजार काही थांबला नाही.

वेदनेच्या बाबतीत अशी झाकून केलेली चाचणी का लागते? कारण दुखणे आज जास्त, उद्या कमी, असे आपसूकच चढते-उतरते. औषध घेतले या समाधानानेही ते काही काळ कमी होते. म्हणून रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कोणती गोळी कोणाला दिली हे कळू न देता तुलना करावी लागते. हे काम आपल्याकडे अशक्य आहे असे मुळीच नाही. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी वैज्ञानिक परिषदेच्या योजनेतून गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर अशी चाचणी केली. सुंठ, गुळवेल यांसारख्या वनस्पतींच्या प्रमाणित अर्कांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या औषधांशी सहा महिने केली. २०१३ साली निष्कर्ष छापून आले : वेदना कमी करण्यात वनस्पतींचे अर्क या औषधांच्या बरोबरीने उतरले. त्याच निबंधात हेही प्रामाणिकपणे नोंदवले आहे की, अर्क घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढलेले आढळले आणि त्यांना चाचणीतून बाहेर काढावे लागले. निव्वळ पाण्याच्या गोळीशी तुलना त्यात नव्हती, ही मर्यादा आहेच. तरीही परीक्षा म्हणतात ती याला. गुणही सांगितला, दोषही सांगितला.

आता याच गुळवेलीचे पुढे काय झाले ते आठवा. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाने घरोघरी गुळवेलीचा काढा पाजला गेला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळून लावला. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. पुण्याच्या चाचणीत यकृताचे विकर कोणत्या घटकामुळे वाढले ते त्या आकड्यांवरून ठरत नाही, पण सावधगिरीची सूचना मात्र तिथे होतीच. परीक्षेने दिलेली सूचना कानावर घेतली असती, तर काढा वाटताना निदान यकृताकडे लक्ष ठेवले गेले असते.

इथेच मुख्य मुद्द्याकडे येतो. परीक्षेला फाटा देण्याची सोय या देशाच्या कायद्यातच करून ठेवली आहे आणि तिची किल्ली आहे ग्रंथांची एक यादी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश अशा ग्रंथांची नावे आहेत. या ग्रंथांतील कृतीप्रमाणे, ग्रंथात सांगितलेल्याच रोगासाठी औषध बनवले, तर २०१० साली आलेल्या नियम १५८-ब प्रमाणे परवान्यासाठी परिणामकारकतेचा नवा प्रयोग मागितला जात नाही. ग्रंथाचा दाखला पुरतो. ही झाली पहिली सवलत. नियम १७० गेल्याने जाहिरातीआधीची मंजुरीही गेली. ही दुसरी सवलत. तिसरी सवलत जैवविविधता कायद्याच्या २०२३ सालच्या दुरुस्तीने दिली आणि ती सर्वात मासलेवाईक आहे.

तिची पार्श्वभूमी अशी. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे जंगलातील वनस्पती आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान वापरून नफा कमावणाऱ्याने त्यातला रास्त वाटा स्थानिकांना द्यायचा असतो. पतंजली समूहातील दिव्य फार्मसीने वाटा द्यायला नकार दिला आणि आम्ही भारतीय कंपनी असल्याने हे बंधन आम्हाला नाही, असा दावा केला. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. ४२१ कोटींच्या नफ्यातून मागितलेला वाटा होता सुमारे दोन कोटींचा! त्यानंतर पाच वर्षांच्या आत संसदेने कायदाच बदलला. 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' वापरणाऱ्यांना वाटा देण्यातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे काय? तर त्याच १९४० च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांतले ज्ञान. म्हणजे पुन्हा तीच यादी, तीच पोथी.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. निर्गुडी भावप्रकाशात आहे. म्हणून कंपनी म्हणेल, हे ज्ञान ग्रंथातले आहे, कोणाला वाटा देण्याचे कारण नाही. आणि परवान्याच्या खिडकीवर म्हणेल, हे ज्ञान ग्रंथातले आहे, प्रयोगाचे कारण नाही. ज्या वैदू समाजाने पिढ्यान्पिढ्या पाठीवर झोळी टाकून गावोगाव ही मुळी ओळखली, जपली, वाटली, त्याचे ज्ञान तोंडी. जिने बाळंतिणीला शेक दिला त्या सुईणीचे ज्ञान तोंडी. लिहिण्याचा अधिकार ज्यांना शतकानुशतके नाकारला, त्यांना आज कायदा विचारतो की, तुमचे ज्ञान लिहिलेले कुठे आहे? लेखणी हिसकावून घ्यायची आणि मग कागद मागायचा, या न्यायाची आम्हाला पुरेपूर ओळख आहे.

गंमत अशी की पोथीच पोथीवाल्यांविरुद्ध साक्ष देते. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात मान्य केले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक जाणतात. लगेच पुढे असेही म्हटले आहे की नाव-रूप ओळखणे पुरेसे नाही, वापर कसा करायचा ते कळले पाहिजे. म्हणजे मूळ ग्रंथकार गुराख्याचे ऋणही मान्य करतो आणि कसोटीही मागतो. आजचा कायदा ऋणही नाकारतो आणि कसोटीही! आणि ज्या वैद्यकाचा आज धर्माच्या नावाने उदो उदो चालतो, त्याच्या वैद्याला मनुस्मृतीने काय वागणूक दिली होती? वैद्याचे अन्न निषिद्ध ठरवले आणि श्राद्धाच्या पंक्तीतून त्याला वगळले. रोग्याच्या रक्ता-पुवाला हात लावणारा माणूस व्यवस्थेला बाटलेला वाटत होता. तो धंदा कोट्यवधींचा झाला तेव्हा मात्र संस्कृतीचा वारसा ठरला.

आमच्यावर आरोप होईल की, हे लोक देशी ज्ञानाचा द्वेष करतात आणि परदेशी कंपन्यांची तळी उचलतात. उत्तर सरळ आहे. कसोटी सगळ्यांना सारखी हवी. मर्क कंपनीची व्हायॉक्स ही सांधेदुखीची गोळी जगभर खपत होती. पुढील चाचण्यांत हृदयविकाराचा धोका दिसला आणि सप्टेंबर २००४ मध्ये ती बाजारातून मागे घ्यावी लागली. कंपनी बलाढ्य होती म्हणून आकडे बदलले नाहीत. उलट झाडाच्या सालीतून निघालेले ज्ञान कसोटीला उतरले की गरिबाच्या किती उपयोगी पडते याचे उदाहरण ॲस्पिरिन आहे. विलो झाडाच्या सालीची भुकटी एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने तापाच्या सुमारे पन्नास रुग्णांना देऊन १७६३ साली त्याचा वृत्तांत कळवला. १८२८ साली तिच्यातील सॅलिसिन वेगळे काढले गेले, १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीत त्यापासून सुधारलेले औषध तयार झाले आणि १९७१ साली जॉन वेन यांनी ते शरीरात नेमके काय करते ते दाखवले. आज ती गोळी जगातील सर्वात स्वस्त औषधांपैकी एक आहे. त्या इतिहासातही एक ओळखीची गोष्ट आहे. बायरमधील आर्थर आयशेनग्रून या ज्यू रसायनशास्त्रज्ञाने १९४९ साली लिहिले की ते संशोधन आपल्या देखरेखीखाली झाले होते. कंपनीने हे मानले नाही. पण नाझी राजवटीत ज्यूचे नाव शोधाला जोडणे शक्यच नव्हते, त्याला तर छळछावणीत धाडले होते. श्रेय जन्म पाहून वाटले जाते, हा रोग एकट्या भारताचा नाही.

कसोटी मागताना आणखी एक सावधगिरी हवी. परीक्षेच्या नावाखाली आमच्याच माणसांचे उंदीर करू दिले जाणार नाहीत. आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे २००९ साली आदिवासी मुलींवर लसीचा जो प्रकल्प राबवला गेला, त्यातील संमतीच्या गोंधळावर २०१३ साली संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. वसतिगृहाच्या वॉर्डनने मुलींच्या वतीने सह्या करायच्या, हा प्रकार कोणत्याही औषधाच्या चाचणीत खपवून घेता कामा नये. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत हवे, समजावून सांगितलेले हवे, इजा झाल्यास भरपाई हवी आणि औषध उतरलेच तर ते त्याला परवडणाऱ्या किमतीत मिळाले पाहिजे.

ज्ञान देणाऱ्याला वाटा देता येत नाही, ही सबबही खरी नाही. केरळमधील काणी आदिवासींनी १९८७ साली शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. सरकारी संस्थेने परीक्षा करून तिच्यापासून औषध बनवले आणि १९९५ साली एका कंपनीला दहा लाख रुपये व दोन टक्के स्वामित्वधन या अटीवर दिले. त्यातला निम्मा हिस्सा काणींसाठी ठेवला गेला. त्या व्यवहारात त्रुटी होत्याच. पण तोंडी ज्ञान, प्रयोगशाळेतील कसोटी आणि रास्त वाटा या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्याने दाखवले.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना परंपरा, ग्रंथ आणि गुरू यांच्या अधिकारावर विसंबून न राहता स्वतः पारखून घ्यायला शिकवले. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'त शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घातला, कारण जातीचा पाया तिथे होता. औषधाच्या बाबतीत हेच प्रामाण्य चोरपावलांनी परत आले आहे. ग्रंथात आहे म्हणून जात खरी, हे ज्यांनी नाकारले, त्यांनी ग्रंथात आहे म्हणून औषध खरे, हे मान्य करायचे काय?

म्हणून चळवळीतील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. नियम १७० गेला तरी आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा जिवंत आहे आणि त्याच्या अनुसूचीत संधिवात आहे. संधिवात मुळापासून बरा करतो, अशी जाहिरात दिसली की अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. दुखण्यावर एका रात्रीत उतारा देणाऱ्या बिननावाच्या भुकटीपासून लोकांना सावध करा. अशा भुकट्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत शिरा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत कोणती वनस्पती, कोणत्या दुखण्यावर, कोणत्या समाजाने जपली, हे नोंदवा. ज्ञान त्यांचे आणि अक्षर आपले, असे झाले तर उद्या वाटा मागताना पुरावा असेल. आणि औषधनिर्माणशास्त्रात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनो, तुमचा प्रबंध उंदराच्या पंजावर थांबवू नका. तुमच्या आजीने बांधलेल्या निर्गुडीच्या पाल्याचा माणसावर काय परिणाम होतो, किती मात्रेत होतो, अपाय काय होतो, हे काटेकोरपणे शोधा. उत्तर 'होय' आले तर आजीचे नाव लावा. उत्तर 'नाही' आले तर तेही तितक्याच निर्भयपणे छापा. फडात वाकलेल्या बाईला पोथीचा आधार नको आहे. तिला तिचे दुखणे खरोखर थांबवणारे औषध हवे आहे.